कार्बोरेटरचं टोपडं

अन् मी म्हन्ते, कायले पायजे होतं जी त्या कार्बोरेटरले टोपडं? कायले? बोट चालून राहिली होती ना! मानसं बसवून धरनात एक चक्कर मारून आनत होती, लोकं उतरले का माह्याच टपरीवर भजे खात होते, दोघायचंही बरं चाललं होतं... पन सुखानं बसन थो आमचा मानूस कायचा! थांबा, हा घाना काढते अन् सांगते. मिरची पायजे का कोनाले?

तं झालं काय, धरनावरच्या सायबानं सांगून टाकलं का यंदा एकच बोट राहीन. बोटी दोन, एक आमची अन् एक सरफराजची. लावा म्हने शर्यत, जो पलीकडच्या काठाले शिवून आंधी येईन थ्यानं धरनात राहाचं, दुसऱ्यानं आपली बोट घरी न्याची. आता सरफराजची बोट कंपनीची, इंजिन मांगं लटकवलेलं. आमच्या बोटीत मधात भंगारातल्या अम्बॅसडरचं इंजिन. पन सांगते तुमाले, बरोबरीनं धावत होती जी! नुसती पुसून उभी केली असती तरी जितली असती!

पन आमच्या ह्यायनं, गजेंद्ररावायनं, पाह्यलं मोबाईलवर. तिकडे फॉरेनात शर्यतीच्या बोटीच्या इंजिनावर म्हने टोपडं राह्यते. एअर स्कूप म्हन्तेत त्याले. कार्बोरेटरच्या डोक्यावर बसवाचं, तोंड समोर, बोट धावली का समोरची हवा टोपड्यात घुसते, इंजिनाले दाबून हवा भेटते अन् ताकद वाढते. जेवता जेवता उठून उभे झाले, "आरती, इंजिन जेवढा श्वास घेईन ना, तेवढी बोट पयन!" मी म्हनलं बरं, पन एखाद्या मेकॅनिकले तं इचारा. तं म्हने, "हवेचं काम आहे, तुले नाही समजत!"

अन् गेले कोनाकडे? अकोल्याले, गयासुद्दीनभाईकडे! आता गयासुद्दीनभाई कोन? कूलरवाले! पत्र्याचे कूलर बनवतेत. मानूस देवासारखा, कूलर असा का भर उन्हायात गोधडी मांगान तुमी... पन इंजिनाचा अन् त्यायचा काय संबंध? हे म्हन्तेत, पत्रा त्यायले समजते, हवा त्यायले समजते, अजून पायजे काय? अन् गयासुद्दीनभाई ऐकूनच खूश! "गजेंद्रभाई, हवा का मामला है ना? बस, मेरेपे छोडो. सादी हवा में क्या रखा है? ठंडी हवा में जान ज्यादा रहती. तुम्हारे इंजिन को शिमला बना देता मैं!"

अन् बनवलं ना! पत्र्याचं एवढं मोठं टोपडं, दोन्हीकडून जाळी, जाळीत कूलरचं गवत, गवतावर पानी सोडाले पंप, खाली पान्याची टाकी. अन् वरून म्हन्तेत, "बोट चलेगी तबीच हवा आयेगी, ये क्या बात हुई? खडे खडे हवा देता, पंखा डालके!" टाकला पंखा. इंजिनाचं झाकन कापलं, टोपडं कार्बोरेटरवर कसलं, खाली रबर लावलं, एक फट ठेवली नाही.

अंगनात ट्रायल. इंजिन पान्याबाहेर चालू करता येत नाही, तापते, म्हनून नुसता पंखाच चालू केला. बाप्पा, काय गार हवा! सारी गल्ली खुर्च्या घेऊन बोटीसमोर! मी गेली टोपड्याच्या तोंडासमोर, तं पदर उडाला मांगं. मी म्हनलं, "अवो, हे तं हवा बाहेर फेकून राहिलं! मंग इंजिन काय खाईन?" हसले ना दोघंही! गयासुद्दीनभाई म्हन्तेत, "भाभी, कूलर बनाते बनाते बाल सफेद हो गये, आज तक एक गिऱ्हाईक नहीं बोला के हवा बाहर क्यूँ आई!" अन् ह्यायनं मांगून जोडलं, "हवेचं काम आहे, तुले नाही समजत!" हाव बाप्पा, नाही समजत!

शर्यतीचा दिवस. ऊन असं का डोयापुढे काजवे. काठावर सारं गाव, मांडवात साहेब रुमालानं मान पुसून राहिले. शिट्टी वाजली अन् आमची बोट अशी सुटली, अशी सुटली, सरफराज मांगं! मी झारा हातात घेऊन नाचली, खोटं नाही सांगत. अन् ह्यायनं दाबलं पंख्याचं बटन... घर्र... फक्... फक्... फुस्स! मेलं इंजिन! मेलंच! पन ह्यायले कायचा पत्ता? मानेवर गार हवा, शर्ट फुगलेला, डोये मिटलेले, आमाले आंगठा दाखवून राहिले! सरफराज बाजूनं जाता जाता वरडला, "गजेंद्रभाऊ, बंद पडली का?" तं हे म्हन्तेत, "नाही! श्वास घेऊन राहिली!"

सरफराज काठाले शिवून आला, परत आला, अन् मंग दोर बांधून आमची बोट ओढत आनली. मले रडू आलं जी. वाटलं गेलं सारं, धरनही गेलं अन् बोटीतून उतरनारं गिऱ्हाईकही गेलं. अन् थो साहेब उठला मांडवातून, सरळ टोपड्यात तोंड घातलं अन् म्हने, "वा! अहो, हे किती टनाचं आहे?" थितूनच, तोंड बाहेर न काढता, सरफराज जितला म्हनून जाहीर केलं! गयासुद्दीनभाईले फोन केला तं त्यायचं एकच, "हवा तो ठंडी आई ना?" ह्यायनं फोन ठेवला अन् मी काही बोलाच्या आंधीच माह्याकडे पाहून म्हने, "हवेचं काम..." मी झारा उचलला, तवा गप बसले.

आता? आता बोट ट्रॉलीवर चढून लग्नाले जाते. मांडवाच्या तोंडाशी उभी करतेत, वऱ्हाडी समोर बसतेत, नवरदेव तं हलतच नाही थितून. काल दर्यापूरहून कोनाचा तं फोन आला, का आमच्याकडे तळं आहे, पाहुण्यायले बोटीत फिरवाचं आहे, येता का? अन् आमचे हे, गजेंद्रराव, बोटीचे मालक, काय बोलले असतीन? "नाही भाऊ, बाकी कुठीही बोलवा... पन पान्यात नाही नेत आमी बोट, खराब होते!"