डाव्या बाजूचा हात

आमी म्हसवडचं कासार. मी आन माझी धाकटी बहीण शालन, दोघी बी आईच्या मांडीला मांडी लावून बांगड्या भरायला शिकलो. तवापासनं शालनला सगळं चांगलंच मिळत आलं बघा. रंग गोरा तिचा, नवरा सांगलीचा दुकानवाला तिला, आन मी हितंच सिद्धनाथाच्या जत्रंत पोतं हातरून बसल्याली. काय सांगू तुमाला, लय जळायचं माझं.

मागल्या जत्रंत एक बाई डावीकडनं हात पुढं करून बसली ती बसलीच, मला दिसलीच न्हाई. उठून म्हणाली, कासारीण लय माजलीया. सून म्हणाली, आत्याबाई, डोळं दाखवू या. साताऱ्याच्या दवाखान्यात मशीनपुढं हनुवटी टेकून बसवलं, एक डोळा झाकला, मशीनवरची पोरगी म्हणाली, मधल्या दिव्याकडंच बघा, कडंला ठिणगी दिसली की बटन दाबा. आता माझा सारा जलम हात आला की तिकडं बघण्यात गेल्याला, ठिणगी चमकली की डोळा पळालाच तिकडं. पोरगी वराडली, आवं मावशी, मधीच बघा की! पुन्यांदा केलं तवा कळलं, काचबिंदू. डाव्या डोळ्याची निम्मी नजर गेल्याली, दुखलं न्हाई खुपलं न्हाई, आन गेल्याली परत येत न्हाई. डाक्टर म्हणालं, हे रक्तात असतंय, बहिणीला बी आणा.

आली शालन, काठापदराचं नेसून. मशीनपुढं बसली, नजर हलली न्हाई बयेची, पयल्याच फटक्यात झालं. तिची निस्ती एक कड काळवंडल्याली. डाक्टर म्हणालं, येळंत सापडलं, रोज थेंब घाला, नजर टिकंल, ह्या आक्कांचं उपकार माना. ती माझ्या गळ्यात पडून रडाय लागली. मी मातूर ताठ. आगं, माझा डोळा गेला तवा तुझं डोळं वाचलं, मला कुठली आक्का हुती आधी सांगायला? तिथंच बोलली मी, तोंडावर.

यंदा शालन दुकान नवऱ्यावर सोडून आली जत्रंला, आन माझ्या डाव्या अंगाला बसली. डावीकडनं हात आला की तीच धरती, तीच भरती. बाया म्हणत्यात, धाकटीचा हात लय हलका. झालं! हितं बी तीच. दिस मावळला की आधी माझ्या डोळ्यात थेंब घालती, मग सवताच्या.

जळती मी आजून, खोटं कशाला बोलू. पर सिद्धनाथा, तिचं डोळं शेवटपातूर शाबूत ठेव रं बाबा, न्हाईतर माझा गेल्याला फुकटच गेला की.