तीस फेऱ्यांची मोटर

दुकानवाली : ही परत घेता येणार नाही, काका. जळलीय ही. वास घेऊन बघा.

बाबा : परत द्यायला नाही आणली. दाखवायला आणली. अशी नको, एवढंच सांगायचं होतं.

लेक : बाबा, आधी त्यांना सांगा तरी काय बनवायचंय ते.

दुकानवाली : हो, ते आधी. नुसतं छोटी डीसी मोटर म्हणालात तर हे अख्खं कपाट त्यांचंच आहे. पंखा करायचाय, खेळणं करायचंय, भोकं पाडायचीत, काय करायचंय?

बाबा : लोकर गुंडाळायचं यंत्र. लोकरीची लडी येते ना बाजारातून, ती सोडवून तिचा गुंडा करायचा.

दुकानवाली : आणि त्याला ही लावलीत? मिनिटाला सहा हजार फेरे?

बाबा : सगळी नोकरी पाण्याच्या पंपावर गेली माझी. तिथं फेरे कमी पडले की पाणी वर चढत नाही. म्हटलं, जास्त फेरे म्हणजे जास्त ताकद.

दुकानवाली : पंपाची गोष्ट वेगळी हो. मग काय झालं?

बाबा : पहिल्या झटक्यात लोकर तुटली. रीळ उडून भिंतीवर आदळलं.

दुकानवाली : मग तुम्ही व्होल्ट उतरवले असणार.

बाबा : तीनवर आणले. तुम्हाला कसं कळलं?

दुकानवाली : सगळे तेच करतात. फेरे उतरतात, पण त्याबरोबर जोरही जातो. जरा ओझं आलं की मोटर अडते, आणि अडलेली मोटर तापत जाते. तशीच गेली ही.

लेक : आम्हाला आजच हवीय हो. मावशी परवा परत जाणार. आईच्या हातून स्वेटरची एक बाही राहिलीय. मावशी विणून देते म्हणाली, पण लोकर अजून लडीतच आहे. मी म्हटलं, मी गुंडाळते हातानं, तासाभराचं तर काम. ऐकतील तर शपथ.

बाबा : यंत्र करून देतो म्हणालो होतो तिला.

दुकानवाली : मग द्या की करून. काकूंनाच आणायचं सोबत, त्यांनी सांगितलं असतं वेग किती हवा तो.

लेक : आई गेली. दीड महिना झाला.

दुकानवाली : अरे देवा. काका, मला खरंच कल्पना नव्हती.

बाबा : तुम्हाला कशी असणार? ते राहू द्या. मोटर दाखवा.

दुकानवाली : बसा आधी. उभे का? कुणासाठी विणत होत्या?

बाबा : माझ्यासाठीच. डावी बाही राहिली.

दुकानवाली : हं. ही बघा. हीसुद्धा बारा व्होल्टचीच. पण पुढे हा डबा आहे ना, त्यात गिअर आहेत. आत मोटर जोरात फिरते, बाहेर हा दांडा सावकाश फिरतो. आणि सावकाश फिरतो म्हणून त्याला जोर येतो. चालू करते, चिमटीत धरून थांबवा बघू.

बाबा : नाही थांबत.

दुकानवाली : नाहीच थांबायचा. आता फेरे ठरवा. तीसची आहे, साठची आहे, शंभरची आहे. काकू हातानं गुंडाळायच्या तेव्हा अंदाजे किती वेग असायचा?

बाबा : आधी पंचेचाळीस. शेवटी शेवटी अठ्ठावीस.

दुकानवाली : इतकं नेमकं?

बाबा : घड्याळ लावून मोजलंय. यंत्रासाठी. तिला कळू न देता.

लेक : हे मला कधी बोलला नाहीत.

बाबा : आधी मोजायला लांब जावं लागत नव्हतं. मी समोरच असायचो. लडी माझ्याच हातांवर. हे असे दोन्ही हात पुढे करून बसायचं आणि ती गुंडाळणार. बत्तीस वर्षं.

दुकानवाली : म्हणजे हवा तो आकडा तुमच्यापाशी होता. तरी सहा हजारवाली घेतलीत?

बाबा : पंपाचं सांगितलं ते खरंच आहे. पण तेवढंच नाही. मला वाटलं, चटकन उरकेल. मिनिटात गुंडा तयार, आपण मोकळे.

लेक : बाबा...

बाबा : हात भरून यायचे गं माझे. पेपर वाचता यायचा नाही, नाक खाजवता यायचं नाही. आणि तिचं आपलं चाललेलं, ही काय म्हणाली, त्यांच्याकडे काय झालं. म्हटलं, थांब, यंत्रच करतो. आठ महिने मागच्या खोलीत बसलो.

दुकानवाली : मग लडी कोण धरायचं?

बाबा : खुर्चीच्या पाठीला अडकवायची. विचारलं एकदा, जमतंय का? म्हणाली, खुर्ची बरी, कुरकुर करत नाही.

लेक : आईच ती.

बाबा : मीपण हसलो तेव्हा. हसून पुन्हा आत जाऊन तारा जोडत बसलो. मधूनमधून दारात उभा राहून फेरे मोजायचो. पंचेचाळीसचे चाळीस झाले, पस्तीस झाले, अठ्ठावीस झाले. सगळं लिहून ठेवलं. कमी का होतायत, ते नाही विचारलं.

लेक : डॉक्टरांनासुद्धा उशिराच कळलं, बाबा.

बाबा : डॉक्टरांसमोर बसून ती लोकर गुंडाळत नव्हती.

दुकानवाली : काका, कुठली देऊ? साठची घेतलीत तर लवकर...

बाबा : तीसची.

दुकानवाली : बरं. गुंडा मोठा होत गेला तरी ओढेल ही. दांड्याची ही बाजू चपटी आहे, रिळाचा स्क्रू बरोबर इथं आवळायचा, नाहीतर रीळ घसरतं. इथंच लावून बघता का? घरी जाऊन पुन्हा फसगत नको.

लेक : रीळ आहे पिशवीत. लडी पण आणलीय. हे स्टूल जरा सरकवू का? ही खुर्ची घेते, हिच्या पाठीला अडकवते.

बाबा : खुर्ची नको. इकडे दे.

लेक : अहो, अर्धा तास लागेल या वेगानं.

बाबा : घाल हातांवर. सुटं टोक रिळाला बांध. हं, करा चालू.

(मोटर फिरू लागते. लडीतून लोकर सुटायला लागते.)

दुकानवाली : काका, मनगटं हलतायत तुमची.

बाबा : हलवावी लागतात. दोरा ज्या हातावरून सुटतो, तो हात थोडा झुकवायचा. नाहीतर अडतो. खुर्चीला ते जमत नाही.

दुकानवाली : हात दुखले की सांगा. लगेच बंद करते.

बाबा : तीही असंच विचारायची.

लेक : मग तुम्ही काय म्हणायचात?

बाबा : पहिल्या फेऱ्यालाच म्हणायचो, दुखले.