बदल्यात काय मागलं

तसं नाही सिस्टर — तुमच्या आईनं बदल्यात काय मागलं होतं, ते विचारून राह्यली मी. तुमी लहानपणी लय बिमार असान, आईनं नवस बोलला असन, पोरगी वाचली तर चर्चले देईन — मले तर इतके दिवस असंच वाटे. साऱ्या शेलूबाजारले वाटते, मी एकटीच येडी नाही. अन् बी.एस्सी. होऊन बी माणूस किती येडं राहू शकते, ते माझ्याकडं पाहून समजून घ्या. — आई उलट रडली? जाऊ नको म्हणे? म्हणजे तुमचं तुमीच बोलल्या. अन् मागलं काय? — काहीच नाही?

वैजूच्या खोकल्याच्या औषधाचं समजलं मले, दोन वेळा, जेवल्यावर. ते राहू द्या. नर्सबाई सांगत होती, पुढच्या महिन्यात तुमी नागपूरले जाऊन कायमची शपथ घेणार. लग्न नाही, सोताचं म्हणून काही नाही, पाठवतील तिथं जायचं — अन् आतापर्यंत दरवर्षी तुमाले नव्यानं विचारलं म्हणे, राह्यता का जाता. सहा वर्षं. आमाले तर बोहल्यावर बी कोणी विचारलं नाही, जाऊ द्या. पण ज्या बाईनं एकदाच बोललं, घाईघाईत — तिचं बोलणं पक्कं धरतात का?

वैजू झोक्यावरच आहे ना? तिथं ऐकू जात नाही ना?

ती एकटी नव्हती, सिस्टर. जुळे होते. सातव्याच महिन्यात झाले, अकोल्याले, काचेच्या दोन पेट्या बाजू-बाजूले. पोरगा निळा पडून राह्यला होता. सासूबाईनं पोहरादेवीले नारळाचं तोरण बोललं. मी काय बोलू — मी म्हटलं, हा राहू दे, तिले घेऊन जा. कोणाले म्हटलं? भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर कोणता देव होता, ते बी पाह्यलं नाही. पोरगा पहाटे गेला. ही राह्यली. चार वर्षं झाली, तिले शिंक आली तरी मी दाराकडं पाहते. तिचे बाबा धीरज म्हणतात, एवढ्याशा खोकल्यासाठी दवाखाना कायले — आता त्यायले काय सांगू?

मी मनाले म्हणत होती, मागलेलं भेटलं नाही, तर दिलेलं बी सुटलं. सुटलं ना? अन् नसन सुटलं, तर तुमाले विचारीन, जितीजागती दिलेली चालते का — तुमच्यासारखी, पांढऱ्या साडीत, पण जिती. म्हणून तर तुमच्या आईचं विचारलं. अन् तुमी म्हणता, आपण काही मागलंच नाही. काही न मागता बोललं, अन् तरी बांधलेल्या. मग माझं बी —

नका सांगू. देव माफ करते का नाही, ते मी विचारलं नाही. तो ते बोललेलं घ्याले येते का, एवढंच —

थांबा. आली ती.

काही नाही वो वैजूबाई, सिस्टरले औषध विचारून राह्यली. चप्पल कुठी टाकली? घाल. — नका, सिस्टर. तिच्या डोक्यावर हात नका ठेवू. चाल वैजू.