डोणीतलं पाणी

निवृत्ती : पुन्यांदा सांगतो म्याडम, ते पानी कुनी बी प्यालं न्हाई. लोहाराच्या डोणीतलं पानी ते. तापलं लोखंड बुडवायचं, झालं.

प्रज्ञा : काका, मागं सरका. डोणीपासून अजून लांब. मावशी, तुम्ही दाराबाहेरच थांबा. मीटर कसं ओरडतंय, ऐकताय ना?

निवृत्ती : वरडंना का. यंत्र बिघडलं आसंल.

प्रज्ञा : असल्याच यंत्रानं परवा जालन्यात लोखंड वितळवायच्या कारखान्याच्या फाटकावर भंगाराचा ट्रक अडवला. त्यात आपल्या बंद साखर कारखान्यातला शिशाचा डबा निघाला, आतून रिकामा. बंकट भंगारवाला म्हणतो, आतली नळी निवृत्ती लोहारानं ठेवून घेतली. म्हणून सरकारनं मला मुंबईहून इथवर धाडलंय.

निवृत्ती : चोरली न्हाई म्या. सहकारी कारखाना, आमचा बी शेअर हाय त्यात. दुष्काळानं ऊस जळाला, चार वर्सं झाली कुलूप लागून. आंगठ्याएवढी नळी, चकचकीत पोलाद. कोयत्याच्या मुठीला कडी करावी म्हनलं.

प्रज्ञा : आणि भट्टीत घातलीत.

निवृत्ती : घातली. घन हाणला तर फुटली. आत मिठावानी कायतरी होतं. तशीच बुडवली डोणीत.

प्रज्ञा : ते मीठच सगळ्याचं मूळ. त्यातून किरण निघतात, डोळ्याला दिसत नाहीत. कारखान्यात उसाचा थर किती आहे ते बाहेरून कळावं म्हणून बसवतात. नळी फुटली नसती तर ते बाहेर तरी सांडलं नसतं. ते पाण्यात विरघळतं, काका. कधीची गोष्ट?

निवृत्ती : दसऱ्याच्या आदल्या रोजी.

प्रज्ञा : म्हणजे वीस दिवस. पाणी बदललंत मध्ये?

सिंधुबाई : आगं बाई, पानी कावून फेकावं? टँकर आठ दिसाला येतोय. हितं भांडी घासल्यालं पानी बी झाडाला जातं. आन् त्या कोपऱ्यात जवारीचं पोतं हाय. ती नळी फुटायच्या आदी आठ रोज त्याच्यावरच पडलीती. वर्साचं खानं हाय ते. टाकावं लागंल का?

प्रज्ञा : नाही मावशी. पोतं अंगणात नेऊन तपासलं, वाजलं नाही. दिव्यापुढं भाकरी ठेवली म्हणून भाकरीचा दिवा होत नाही. तेल सांडलं तर मात्र ते भाकरीत मुरतं. त्या पाण्यात तेल सांडलंय.

सिंधुबाई : आन् ते मानसाच्या पोटात गेलं तर?

निवृत्ती : सिंधू, तू गप ऱ्हा!

प्रज्ञा : तर माणसातही मुरतं. पण निळ्या गोळ्या असतात त्याच्यावर, पोटातलं हळूहळू बाहेर काढतात. जितक्या लवकर दिल्या तितकं बरं. काका, तुमची बोटं दाखवा. ही लाल कशानं झालीत?

निवृत्ती : लोहाराची बोटं भाजायचीच.

प्रज्ञा : हे भट्टीचं भाजणं नाही. तुम्हालाही दवाखान्यात यावं लागेल. आता ते पाणी कोण प्यालं, त्याचं नाव सांगा.

निवृत्ती : कसलं नाव? कुनी प्यालंच न्हाई म्हनलं ना.

प्रज्ञा : मी हितल्याच घाटनांदूरची हाय, काका. रगत वाढतं म्हनून आमच्या आजीनं मला बी लोहाराचं पानी पाजलेलं हाय. मला नका शिकवू.

निवृत्ती : आन् नाव सांगितल्यावर? तिला सासरचे दारात उभं करतील का? ऊसतोडीच्या टोळीतले तिच्या हातची भाकर खातील का?

प्रज्ञा : तिला? कुणाला?

सिंधुबाई : मनकर्णा. आमची लेक. पाचवा म्हयना चालू हाय तिला. नर्सबाई म्हनली, रगत लई कमी हाय. दसरा झाल्यावर नवऱ्याबरुबर ऊस तोडाया निघाली तवा म्या तांब्याभर पाजलं. माज्या ह्याच हातानं.

निवृत्ती : सिंधूवर आळ घालू नका, म्याडम. दे म्हनून म्याच सांगितलंतं.

सिंधुबाई : तुमी तर घरात बी नव्हता हो.

प्रज्ञा : कुणी दिलं हे मी लिहिणारच नाही. पोरीला आणि पोटातल्या जिवाला आज दवाखान्यात पोचवायचंय, एवढंच.

सिंधुबाई : ती आली की तिच्यापाशी बसता यील का मला?

प्रज्ञा : येईल. हातही धरा. लावा फोन.

(निवृत्ती फोन लावतो. आवाज सगळ्यांना ऐकू येतो.)

मनकर्णा : माय, बोल लवकर, मोळ्या बांधायच्यात.

सिंधुबाई : पोरी, निघताना ते डोणीतलं पानी प्यालीस न्हवं तू...

मनकर्णा : आगं, तेच सांगनार होते! लई गुणाचं निघालं. तुला न सांगता बाटली भरून आनलीती म्या. फडातल्या समद्या बायांना घोट घोट दिलं. कडूबाईच्या तान्ह्याला बी बोटानं चाटवलं. माय? बरं केलं न्हवं?

निवृत्ती : आरं देवा.

प्रज्ञा : मावशी, घाबरवू नका तिला. बाटलीला झाकण लावून लांब ठेवायला सांगा. मी तिकडच्या दवाखान्याला कळवून गाड्या पाठवते.

मनकर्णा : कोन बोलतंय गं तिथं? माय?

सिंधुबाई : आपल्याकडच्याच हायत. तुजं काय बी चुकलं न्हाई, बाळा. बाटली झाकून लांब ठिव, मोळ्या ऱ्हाऊ दे. आन् कुनाकुनाला दिलं ते एकेक नाव सांग. दमानं सांग, म्याडम लिवून घ्यायल्यात.