शिशाच्या कोठीतलं केळं

…आणि हसू नका हो! एक केळं, एक! तेही वेलची, अंगठ्याएवढं! तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं मार्केट यार्डात काट्यावर तोलणार म्हणून होतो, अख्ख्या यार्डाच्या चपला लपवल्या, हिंदुरावशेटच्या गादीखाली फणस सारला, कुणाचं काही बिघडलं नाही… आणि बिघडलं ते कुणाचं? आमच्या परवीनचं!

परवीन म्हणजे दादामियाँ केळीवाल्याची पोरगी, माझ्या खांद्यावर बसून यार्ड पाहिलेली. आता डॉक्टर. सुईवाली नव्हे हो, विश्वाची! मला म्हणाली, "चाचा, विश्वात जेवढा माल दिसतो, त्याच्या पाचपट न दिसणारा आहे." म्हटलं, "म्हणजे काटा दाखवतोय साठ किलो आणि पाटीत केळी दहाच किलो?" "अगदी तस्सं!" "मग तळाला धोंडा असणार. यार्डात नेहमीचंच!" "तोच धोंडा शोधतेय, चाचा. कशाचा आहे कुणालाच ठाऊक नाही. दिसत नाही, कशाला अडत नाही, आत्ता तुमच्या अंगातून जात असेल." मी लगेच बंडीचे खिसे चाचपले!

तर तिचा एक स्फटिक. त्या धोंड्याचा कण चुकूनमाकून धडकलाच, तर आत काजव्याहून बारीक चमक. पण इकडचेतिकडचे किरणही तशीच चमक पाडतात, म्हणून भोवती शिशाच्या विटांची कोठी. रचायला कोण? मी! "विश्वासाचं माणूस हवं, चाचा." …विश्वासाचं! ऐकताय ना?

नेमकी खंडेनवमी. यार्डात आम्ही काट्याला हार घालतो, पुढे केळं ठेवतो. म्हटलं, हाही काटाच की! शिवाय डोक्यातला किडा… न दिसणारं शोधतेस ना? घे, शोध! शेवटची वीट लावताना केळं आत सरकवलं. एक केळं हो, एक!

चार दिवसांनी परवीनचा चेहरा उतरलेला. "आकडे चढलेत, चाचा. कुठूनतरी पोटॅशियमचे किरण येतायत." दिवाळीआधी स्फटिक खाणीत, खोल जमिनीखाली जायचा होता, आकडे उतरले नाहीत तर जागा दुसऱ्यांना. तिने वायरी तपासल्या, डिंक तपासला, भिंतीचा चुना खरवडला. कोठी उघडायची सगळ्यात शेवटी, कारण बाहेरची हवा आत शिरली की तिच्यातलेही किरण मोजले जातात. मी हळूच तिच्या जोडीदारणीला, हेमाला विचारलं, "पोटॅशियम कशात असतं गं?" "बटाट्यात, केळ्यात…" पुढचं मला ऐकूच आलं नाही!

आता तरी सांगावं की नाही? रोज चहा घेऊन जायचो, रोज तोंड उघडायचो, आणि रोज ती म्हणायची, "माझंच काहीतरी चुकलंय, चाचा." मी उघडलेल्या तोंडात बिस्कीट कोंबायचो. अख्ख्या यार्डाला दमात घेणारा गेनबा… आणि एक केळं हो, एक!

सांगितलं शेवटी. कधी? जागा गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी.

कोठी उघडली. काळं, सुकलेलं, वातीसारखं. परवीनने ते चिमटीत धरलं, हसली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली… मग हसू थांबलं, पाणी थांबेना. "चाचा, यंत्र मात्र चोख आहे. एवढंसं केळं पकडलं." म्हटलं, "ओरड की गं माझ्यावर!" नाही ओरडली. वर अहवालात काय लिहिलं? कारण : एक केळं. कुणी ठेवलं, ते नाही. आणि खाली आभार : गेनबाचाचा, विटा रचल्याबद्दल. ओरडली असती तर बरं वाटलं असतं हो!

आता पुढचा नंबर दोन वर्षांनी. विटा रचायला पुन्हा मलाच बोलावलंय. दारात हेमा उभी असते… मीच आपला हात वर करून खिसे पुढे करतो.