नुसता नंबर वाढला

दवाखान्यात शिंपीणबाई आपली पाळी यायची वाट बघत होत्या. मागच्या बाकावर एक गृहस्थ आणि त्यांची मेहुणी बोलत होते. गृहस्थ लिफ्टचं सॉफ्टवेअर करायचे. मेहुणी नुकतीच त्यांच्याच ऑफिसात लागली होती.

"भाऊजी, लिफ्टमध्ये ताईचा आवाज बोलतो, त्याच्या पॅकेजला कुणी हात लावला?"

"कुणीच नाही. ती गेल्यापासून ते तसंच आहे."

"मग त्याच्या आवृत्तीचा नंबर सातवरून आठ कसा झाला?"

"अगं, मोटर, दरवाजे, आवाज, प्रत्येकाच्या सॉफ्टवेअरचं वेगळं पॅकेज, पण नवी आवृत्ती सगळ्यांची एकदमच बाहेर पडते. एकाचा नंबर वाढला की सगळ्यांचा वाढवायचा, बदल असो वा नसो. नाहीतर कोण कुणाबरोबर चालतं याचा घोळ होतो."

"म्हणजे आत जुनंच सगळं."

"असायला हवं. मजल्यांचे आकडे, दरवाजा उघडतोय, बंद होतोय, एवढंच बोलली होती ती. आठमध्ये एक वाक्य जास्त आहे."

"राहिलं असेल एखादं जुनं रेकॉर्डिंग."

"लिफ्टसाठी कुणी 'अहो' म्हणतं का?"

शिंपीणबाईंनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. मागे वळून बघायचा काही धीर होईना.

"काय म्हणते ताई?"

"'अहो, जिन्याने नका जाऊ. दम लागतो तुम्हाला.'"

"पण तुमचं हे दुखणं तर आत्ताचं आहे!"

"म्हणून तर आलोय इथे."

"मग आवाजाचं आठ काढून टाका. सातच ठेवा."

"एकट्या आवाजाचं सात ठेवता येत नाही गं. नंबर जुळले नाहीत तर लिफ्ट हलतच नाही. आणि काल नऊ बाहेर पडलं."

"नऊमध्ये काय आहे, भाऊजी?"

गृहस्थांनी आवाज खाली आणला.

"'अहो, मी दार धरून ठेवलंय.'"