मास्तरांच्या दारापुढचा जिना

लेक : नाही, आज मी काही ऐकणार नाही. ऊठ. अकरा दिवस झाले, आई! दुसऱ्यांच्या जिन्यात पायरीवर बसायचं वय आहे का तुझं हे?

मेट्रन : हळू बोल. मास्तर झोपले असतील आत.

लेक : झोपू देत नाहीतर जागू देत. दार तर उघडत नाहीत तुला. मी लॅबमध्ये एका माणसाच्या दंडाला पट्टा बांधून शीर शोधत होते, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या बाईंचा फोन. काय तर म्हणे, तुमच्या आई जिन्यात सभा भरवतात!

मेट्रन : मी नाही कुणाला बोलावलेलं.

लेक : पण येतात ना! परवा किती होते?

मेट्रन : चौदा. मलाच वैताग आलाय त्याचा. मी एकटी बसले होते ते बरं होतं. तिसऱ्या दिवशी तो फ्रिजवाला आला, हत्यारांची पिशवी घेऊन. खालच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, सिस्टर, माझंही एक पाप आहे, सांगू का? मी म्हटलं, मला कशाला सांगतोस, वर प्रभूला सांग. तर तिथंच रडायला लागला. एवढा आडदांड माणूस!

लेक : आणि ते सुतार?

मेट्रन : आठ वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ. एक वरच्या वळणावर बसायचा, एक खालच्या. गुरुवारी थोरला उतरून आला आणि धाकट्याला म्हणाला, सरक जरा. बस, एवढंच. मग सगळ्यांनी प्रार्थना केली, गाणं म्हटलं. चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, मंडळीत जागृती आली, माणसं देवाकडे वळली. इतकी वर्षं उपवास केले, सभा घेतल्या, तेव्हा नाही आली ती आता आली. मी म्हटलं, साहेब, कसली जागृती? दार अजून बंद आहे.

लेक : मग सोड ना! चर्च कमिटीच्या सेक्रेटरीपदाचा राजीनामा दे आणि घरी बस. सुटलीस.

मेट्रन : सुटायचंच असतं तर चर्चमध्ये कबुली दिली त्याच रविवारी दिला असता. राजीनामा देणं सोपं आहे गं. चूक केली की खुर्ची सोडायची आणि वर लोकांकडून वाहवा घ्यायची. इथं बसणं अवघड आहे.

लेक : पत्रावर सात सह्या होत्या, आई. पहिली पाळकसाहेबांची. गायनमंडळाचे मास्तर उपासनेला पिऊन आले, त्यांना काढून टाका, असं सातही जणांनी लिहून दिलं. मग भर चर्चमध्ये उभं राहून स्वतःचे वाभाडे काढायला तू एकटीच का? तीस वर्षं वॉर्ड सांभाळलास. मेट्रन म्हटलं की लोक अजून उठून उभे राहतात. सगळं पाण्यात घातलंस.

मेट्रन : त्या सातांत नर्स मी एकटीच होते.

लेक : म्हणजे?

मेट्रन : त्या उपासनेत गाणं उचलताना मास्तरांची जीभ अडखळली. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला मात्र त्यांच्या तोंडाचा कोपरा खाली उतरलेला दिसला. असे चेहरे मी शेकड्यांनी बघितलेत. त्यांच्याकडे जायला पाय उचललासुद्धा होता मी. आणि मग मनात आलं, बरं झालं. जिरली.

लेक : आई!

मेट्रन : त्याच्या महिनाभर आधी त्यांनी मला पुढच्या रांगेतून मागं बसवलं होतं. आवाज फाटतो म्हणून. तेवढ्यासाठी. मग नऊ दिवसांनी पक्षाघाताचा मोठा झटका आला आणि अख्खी बाजू गेली. त्या दिवशी मी त्यांना दवाखान्यात नेलं असतं, तर...

लेक : हे तू रविवारी नाही सांगितलंस.

मेट्रन : सांगितलं. तू तोवर उठून बाहेर गेली होतीस.

लेक : ...लाज वाटली मला. सगळे आपल्याकडे बघत होते.

मेट्रन : माहीत आहे. तुझा राग नाही मला.

लेक : मला आहे ना पण! तुझा आहे, त्या सहा जणांचा आहे, ह्या दाराचा आहे. प्रभूनं माफ केलं असेल, तर ह्यांना काय झालंय?

(कडी निघते. दार अर्धवट उघडतं.)

मास्तरीणबाई : काय झालंय ते मी सांगते, मुली. पहिल्या दिवशी दार उघडलं असतं, तर तुझ्या आईच्या तोंडावर थुंकले असते मी. म्हणून नाही उघडलं.

मेट्रन : बरोबर आहे तुमचं, वहिनी.

मास्तरीणबाई : बरोबर म्हणू नका सारखं. डोकं फिरतं माझं. मी अजून माफ केलेलं नाही, सांगून ठेवते.

मेट्रन : माफी मागून झाली माझी. ती द्यायची की नाही, हे तुमच्या हातात.

मास्तरीणबाई : मग रोज कशाला येता?

मेट्रन : त्या दिवशी आले नाही म्हणून.

मास्तरीणबाई : ...काल तुम्ही सगळे गात होतात, तेव्हा हे डाव्या हातानं पलंगाच्या फळीवर ठोकायला लागले. मला वाटलं, चिडलेत. पाणी नेलं, औषध नेलं, खिडकी लावून बघितली. तरी आपले ठोकतायत. मग लक्षात आलं. ताल देतायत. तुम्ही लोक जिथं ताल सोडता ना, तिथं जोरात ठोकतात.

मेट्रन : मास्तर?

मास्तरीणबाई : पाच महिन्यांत त्यांनी आपणहून काहीच केलं नव्हतं, बाई. काहीच. ...आता रडू नका इथं. बाकीचे कधी येतात?

मेट्रन : येतीलच. साडेचारला.

मास्तरीणबाई : खोली लहान आहे. चार-पाच जण मावतील, बाकीच्यांना दारात उभं राहावं लागेल. आणि हे थांबवतील तिथं थांबायचं. तू गातेस का गं?

लेक : मी? नाही. मी आईला घरी न्यायला आले होते.

मास्तरीणबाई : मग आत ये. गाण्यांची वही त्यांच्यासमोर धरायला कुणीतरी हवंय.